सॅटचा कोणता स्कोअर कोणत्या कॉलेजला पाठवायचा?

बारावीनंतर मुलांना अमेरिकेत शिकायला पाठवायचं ठरलं की सगळे विचारतात, "सॅटला किती पडले?" सॅट म्हणजे तिथल्या कॉलेजांच्या प्रवेशासाठी द्यायची परीक्षा. या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात देता येतं. डोकं खातात ते पुढचे प्रश्न. दोन-तीनदा परीक्षा दिलेली असते, प्रत्येक वेळचा स्कोअर वेगळा, यादीत आठ-दहा कॉलेजं आणि प्रत्येकाचा नियम निराळा. कुठे पाठवायचा, कुठे दाबून ठेवायचा, कुठे सगळंच उघडं करायचं?

माझ्या मुलीचे अर्ज आम्ही घरी बसूनच भरले. नंतर भाचरांच्या आणि सोसायटीतल्या मुलांच्या याद्या लावून देताना बऱ्याच गोष्टी पक्क्या झाल्या. त्या इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी एक सांगते. आपल्याला कॅप राउंडची सवय आहे. सीईटीचा एक पर्सेंटाइल, एक मेरिट लिस्ट, एक कट-ऑफ, विषय संपला. अमेरिकेत तसा कट-ऑफ नसतो, त्यामुळे "१५०० च्या वर असेल तर पाठवा, नाहीतर नको" हा क्लासवाल्यांचा सरसकट सल्ला कामाचा नाही. एकच १४५० एका कॉलेजात अर्जाला जोर देतो आणि दुसऱ्यात अर्ज खाली ओढतो. निर्णय प्रत्येक कॉलेजसाठी वेगळा घ्यायचा असतो. दहा कॉलेजं म्हणजे दहा निर्णय.

हाताशी काय लागेल

- मुलाचा पासपोर्ट
- कॉलेज बोर्डचं, म्हणजे सॅट घेणाऱ्या संस्थेचं लॉगिन. ते मुलाच्या स्वतःच्या ईमेलवर असावं. शाळेने दिलेला ईमेल दहावीनंतर बंद होतो आणि पासवर्ड बदलायची वाटही त्याच्याबरोबर जाते.
- एसीटी (सॅटसारखीच दुसरी परीक्षा) दिली असेल तर त्याचं वेगळं लॉगिन
- कॉमन ॲपचं खातं (एकच अर्ज बऱ्याच कॉलेजांना पाठवण्याचं संकेतस्थळ)
- परदेशी व्यवहार चालू असलेलं कार्ड. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डावर ही सोय बंदच असते, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ती सुरू करावी लागते. हे परीक्षेच्या आठवड्यात नको, आधीच करा.
- एक एक्सेल शीट. रकाने असे (अर्थ पुढे येईलच): कॉलेज, स्कोअरचा नियम, सुपरस्कोअर आहे की नाही, मधल्या ५० टक्क्यांचे आकडे, स्कोअर स्वतः भरलेला चालतो की नाही, शेवटची तारीख, आपला निर्णय.

१. प्रत्येक कॉलेजचा नियम शोधा

कॉलेजच्या प्रवेशाच्या पानावर प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी परीक्षांचं धोरण दिलेलं असतं. ते आपल्या मुलाच्या प्रवेशवर्षाचंच आहे ना, हे पाहा. २०२० मध्ये कोविडमुळे बहुतेक कॉलेजांनी सॅट ऐच्छिक केली, आणि मग एकेकाने ती परत आणली. एमआयटीने २०२२ मध्ये, आणि डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये स्कोअर पुन्हा सक्तीचा केल्याचं जाहीर केलं. उलट कोलंबियाने २०२३ मध्ये ऐच्छिक धोरणच कायम केलं. म्हणून तीन वर्षांपूर्वी गेलेल्या ताईचा सल्ला कितीही प्रेमाचा असला तरी पान स्वतः उघडून पाहायचं.

साधारण चार प्रकार सापडतील.

सक्तीचा: स्कोअर द्यावाच लागतो. द्यायचा की नाही हा प्रश्नच उरत नाही, कोणत्या तारखांचा द्यायचा एवढंच ठरवायचं.

ऐच्छिक: खरी डोकेफोड इथे आहे, ती तिसऱ्या पायरीत.

लवचिक: येलने २०२४ मध्ये असं धोरण आणलं. सॅट, एसीटी, एपी किंवा आयबी (या शेवटच्या दोन म्हणजे शाळेत असतानाच द्यायच्या विषयवार परीक्षा) यांपैकी काहीतरी एक हवं. मात्र एपी किंवा आयबीचा रस्ता धरला तर तोवर दिलेल्या त्या प्रकारच्या सगळ्या विषयांचे मार्क सांगावे लागतात, फक्त चांगले निवडून चालत नाही.

पाहतच नाहीत: युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे सगळे कॅम्पस, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरे, प्रवेशाचा किंवा स्कॉलरशिपचा निर्णय घेताना सॅट-एसीटी विचारात घेत नाहीत. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचंही प्रवेशासाठी तसंच. १५८० असला तरी तिथे त्याचा उपयोग शून्य. अर्जाच्या गडबडीत तिथे रिपोर्ट पाठवून पैसे घालवू नका.

२. स्कोअर चॉइस आणि सुपरस्कोअर यांची गल्लत करू नका

स्कोअर चॉइस ही कॉलेज बोर्डची सोय आहे. कोणत्या तारखेचा स्कोअर पाठवायचा ते तुम्ही निवडता. पण एका तारखेचा स्कोअर अख्खा जातो. ऑगस्टचं गणित आणि ऑक्टोबरचं इंग्रजी असं तोडून पाठवता येत नाही. आणि ऑर्डर करताना तारखा निवडल्याच नाहीत, तर सगळ्या तारखांचे स्कोअर जातात.

सुपरस्कोअर ही कॉलेजची पद्धत आहे. वेगवेगळ्या तारखांमधून प्रत्येक विभागाचा सर्वांत चांगला आकडा उचलून ते स्वतः बेरीज करतात.

उदाहरण घेऊ. एका मुलीचे आकडे असे आहेत:

ऑगस्ट: रीडिंग अँड रायटिंग ६९०, गणित ७६०, एकूण १४५०
ऑक्टोबर: रीडिंग अँड रायटिंग ७३०, गणित ७४०, एकूण १४७०
डिसेंबर: रीडिंग अँड रायटिंग ७००, गणित ७२०, एकूण १४२०

सुपरस्कोअर करणाऱ्या कॉलेजला ऑगस्ट आणि ऑक्टोबर अशा दोन्ही तारखा पाठवायच्या. ते ७३० आणि ७६० उचलून १४९० धरतील. डिसेंबर पाठवण्यात काही मिळत नाही. सुपरस्कोअर न करणाऱ्या कॉलेजला फक्त ऑक्टोबर. एका कॉलेजच्या एकाच रिपोर्टमध्ये कितीही तारखा घालता येतात, त्याचे जादा पैसे पडत नाहीत.

जॉर्जटाऊनसारखं कॉलेज यादीत असेल तर चित्र बदलतं. तिथे स्कोअर चॉइस चालत नाही, जितक्या वेळा परीक्षा दिली तितके सगळे स्कोअर पाठवायचे असतात. या मुलीला डिसेंबरचा १४२० तिथे दाखवावाच लागेल. कॉलेज बोर्डची सिस्टिम तुम्हाला अडवत नाही, एकच तारीख निवडली तरी ऑर्डर जाते. म्हणून काही जण गुपचूप एकच पाठवतात. ते करू नका. अर्जाच्या शेवटी सगळी माहिती खरी आहे म्हणून मुलाने सही केलेली असते. शिवाय तीनदा दिलेल्या परीक्षेत एखादा आकडा घसरला, एवढ्यावरून कोणी अर्ज बाजूला टाकत नाही.

एसीटीत एकूण स्कोअर १ ते ३६ मध्ये असतो. सॅट आणि एसीटी दोन्ही दिल्या असतील तर कॉलेज बोर्डचा अधिकृत तुलना तक्ता पाहा आणि वरचढ ठरेल ती एकच पाठवा. दोन्ही पाठवून ठसा दुप्पट होत नाही.

३. ऐच्छिक कॉलेजांसाठी आकडे ताडून पाहा

इथे घाई करू नका.

प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' लिहून शोधलं की बहुतेकांची पीडीएफ सापडते. त्यात सी९ हा भाग काढा. सॅट आणि एसीटीचे २५ वा, ५० वा आणि ७५ वा पर्सेंटाइल असे आकडे तिथे असतात. हे त्या वर्षी दाखल झालेल्या मुलांचे. आपल्याकडचा पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या सगळ्यांमधलं स्थान, तो हा नव्हे. मुलाच्या स्कोअर रिपोर्टवर ९६ वा पर्सेंटाइल दिसतो म्हणून खूश होऊन ज्या कॉलेजात पाठवाल, तिथे तोच आकडा दाखल झालेल्या मुलांच्या तळाच्या पाव हिश्श्यात असू शकतो.

त्याच भागात आणखी एक आकडा असतो, आणि त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. दाखल झालेल्यांपैकी किती टक्के मुलांनी सॅट दिल्याचं कळवलं, तो. ऐच्छिक कॉलेजात हा आकडा कमी असेल तर वर सांगितलेले आकडे फुगलेले आहेत असं समजा, कारण ज्यांचे स्कोअर चांगले होते त्यांनीच पाठवले. प्रत्यक्षात दाखल झालेल्यांची पातळी त्याहून खाली असते.

माझा ढोबळ नियम असा:

मधल्या, म्हणजे ५० व्या पर्सेंटाइलच्या बरोबरीचा किंवा वरचा स्कोअर असेल तर डोळे मिटून पाठवा.

२५ आणि ५० च्या मध्ये असेल तर मुलाची शाळा कोणती ते पाहा. मुंबई-पुण्यातल्या ज्या शाळांमधून दर वर्षी पंचवीस-तीस मुलं अमेरिकेत जातात, त्या शाळांचे मार्क तिथल्या ॲडमिशन ऑफिसरला वाचता येतात. पण मूल लातूरच्या किंवा सांगलीच्या राज्य मंडळाच्या ज्युनिअर कॉलेजातून अर्ज करत असेल, नववी-दहावीची मार्कलिस्ट एका शाळेची, अकरावी-बारावीची दुसऱ्या कॉलेजची आणि दोन्हीकडची मार्क देण्याची रीत वेगळी, तर त्या ऑफिसरला ताडून पाहायला ओळखीचं काहीच नसतं. तिथे सॅटचा स्कोअर मुलाच्या बाजूने बोलतो. अशा मुलांना मी पाठवाच म्हणते. डार्टमथने २०२४ मध्ये सॅट परत आणताना स्वतःच्याच प्राध्यापकांचा अहवाल पुढे ठेवला होता. कमी सोयीसुविधांतून आलेली काही मुलं १४०० च्या आसपासचे स्कोअर लपवत होती, आणि ते पाठवले असते तर त्यांचाच फायदा झाला असता, असं त्यात निघालं.

२५ च्या खाली असेल तर सहसा नको. अपवाद विभागांचा. इंजिनिअरिंगसाठी अर्ज आहे, गणितात ८०० आणि इंग्रजीत ६४०, तर नुसती बेरीज पाहू नका. सी९ मध्ये दोन्ही विभागांचे आकडे वेगळे असतात. गणित वरच्या टोकाला आहे आणि टोफेल किंवा आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा चांगली गेली आहे, तर तो स्कोअर पाठवण्यासारखा असतो.

स्कॉलरशिप हा वेगळा हिशेब. काही सरकारी विद्यापीठांत गुण आणि सॅट-एसीटी यांच्या तक्त्यावरून आपोआप स्कॉलरशिप ठरते, युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामा हे त्यातलं प्रसिद्ध नाव. प्रवेशाला स्कोअर ऐच्छिक असला तरी पैशासाठी तो लागू शकतो. तो तक्ता परदेशी विद्यार्थ्यांना लागू आहे का, ते त्याच पानावर वाचा.

४. फुकटचे चार रिपोर्ट: थांबा

सॅटची नोंदणी करताना चार कॉलेजांना फुकट रिपोर्ट पाठवता येतात. ही सोय परीक्षेनंतर नऊ दिवसांपर्यंत असते. स्कोअर हातात यायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे किती पडले हे कळायच्या आधीच तुम्ही तो पाठवून मोकळे होता, आणि गेलेला रिपोर्ट परत मागवता येत नाही.

"फुकट आहे तर घेऊन टाकू" हा आपला स्वभाव. पण परीक्षेचीच फी परदेशी केंद्राच्या आकारासकट शंभर डॉलरच्या वर जाते, तिथे नंतर कॉलेजमागे पंधराएक डॉलर वाचवण्यासाठी हुकमाचं पान टाकून देऊ नका. सगळे स्कोअर मागणारं कॉलेज यादीत असेल तर त्याला फुकटात पाठवा, तिथे तसंही काही लपवायचं नाही. बाकीचे रकाने रिकामे सोडा.

परीक्षा वाईट गेली म्हणून लगेच स्कोअर रद्द करण्याचीही गरज नाही. रद्द केलेला परत येत नाही, आणि न पाठवण्याची मुभा तुम्हाला आहेच.

५. स्वतः भरलेला स्कोअर चालतो का?

बऱ्याच कॉलेजांना अर्जाच्या वेळी अधिकृत रिपोर्ट लागतच नाही. मुलाने कॉमन ॲपमध्ये स्वतः भरलेले आकडे चालतात, प्रवेश मिळून जायचं ठरलं की मग अधिकृत रिपोर्ट मागतात. एमआयटीतही असंच आहे. हा रकाना नीट भरलात तर दहातल्या सहा-सात कॉलेजांचे पैसे वाचू शकतात.

पण इथे एक खड्डा आहे. कॉमन ॲपमधला परीक्षांचा भाग सगळ्या कॉलेजांसाठी एकच असतो. एकदा आकडे भरले की जिथे जिथे अर्ज सबमिट कराल तिथे तिथे ते जातात. ऐच्छिक कॉलेजं त्यांच्या स्वतःच्या प्रश्नांत 'स्कोअर विचारात घ्यावा का' असं विचारतात. तिथे 'नाही' म्हटलं तरी आकडे अर्जात राहून जाऊ शकतात. म्हणून ज्या कॉलेजला स्कोअर दाखवायचा नाही, त्याचा अर्ज सबमिट करण्याआधी परीक्षांचा भाग रिकामा करा, आणि पुढच्या कॉलेजसाठी पुन्हा भरा. हा भाग सबमिट केल्यानंतरही बदलता येतो. सबमिट करण्याआधी जी पीडीएफ दिसते, ती शेवटच्या पानापर्यंत स्क्रोल करून वाचा. मुलं ती वाचत नाहीत, शेजारी बसून वाचायला लावा.

सोयीसाठी आम्ही कॉलेजांचे दोन गट पाडले होते, स्कोअर दाखवायची आधी आणि न दाखवायची नंतर. रोज भरा-पुसा करावं लागलं नाही.

६. नाव, जन्मतारीख, खाती

स्कोअर पाठवला आणि कॉलेजच्या पोर्टलवर मात्र 'मिळाला नाही' असं दिसतं, याचं कारण बहुतेक वेळा नाव असतं. आपल्या बारावीच्या मार्कलिस्टवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टमध्ये बऱ्याचदा मुलाचं आणि वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये एकत्र, आडनाव वेगळं. कॉलेज बोर्डवर कोणी वडिलांचं नाव गाळतं, कॉमन ॲपवर कोणी ते मधल्या नावात टाकतं. कॉलेजच्या कॉम्प्युटरला ही दोन वेगळी माणसं वाटतात.

पासपोर्टवर आहे तसंच नाव सगळीकडे, स्पेलिंगच्या प्रत्येक अक्षरासकट. जन्मतारीख भरताना अमेरिकी पद्धतीत महिना आधी असतो, ५ ऑगस्ट आणि ८ मे यांची अदलाबदल सहज होते.

कॉलेज बोर्डची दोन खातीही बऱ्याच मुलांची निघतात, एक दहावीत पीएसएटी (सॅटच्या आधीची सरावासारखी परीक्षा) किंवा एपीसाठी शाळेने उघडलेलं, दुसरं सॅटसाठी स्वतः उघडलेलं. स्कोअर दोन्हींत विभागले असतील तर पाठवण्याच्या हंगामाआधीच त्यांच्या कस्टमर सर्व्हिसला सांगून खाती एकत्र करून घ्या.

रिपोर्ट पाठवायला यादीतून कॉलेज निवडतानाही राज्य तपासा. मायामी युनिव्हर्सिटी ओहायोत आहे, युनिव्हर्सिटी ऑफ मायामी फ्लोरिडात. कॉर्नेल युनिव्हर्सिटी न्यूयॉर्कमध्ये, कॉर्नेल कॉलेज आयोवात. युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनचे ॲन आर्बर, डिअरबॉर्न आणि फ्लिंट असे तीन कॅम्पस यादीत खाली-वर दिसतात.

७. तारखा

लवकरच्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरच्या आसपास, नियमित अर्जांची १ जानेवारीच्या आसपास. लवकरच्या अर्जाला ऑगस्टची परीक्षा निवांत पुरते आणि ऑक्टोबरची सहसा चालते. नियमित अर्जाला डिसेंबरची चालते का, ते कॉलेजच्या पानावर लिहिलेलं असतं. अधिकृत रिपोर्ट कॉलेजात पोचून नोंद व्हायला आठवडा-दहा दिवस धरून चाला. घाईच्या सेवेला वेगळे आणि बरेच पैसे पडतात, आणि तिकडची नोंद तिकडच्याच वेगाने होते.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेनऊ. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांची घड्याळं बदलली की साडेदहा. कॉमन ॲपची मुदत मात्र साधारणपणे अर्जदाराच्या स्थानिक वेळेने असते, म्हणजे आपल्या रात्री ११:५९ पर्यंत. या दोन गोष्टी एकत्र करू नका.

८. एपी आणि इंग्रजीच्या परीक्षा, थोडक्यात

एपीचे मार्क १ ते ५. अर्जाच्या वेळी बहुतेक ठिकाणी स्वतः भरलेले चालतात, चांगले तेवढे भरा, येलसारखा नियम नसेल तर. अधिकृत एपी रिपोर्ट मात्र सगळे विषय घेऊन जातो. एखादा विषय झाकायचा असेल तर तशी वेगळी मागणी करावी लागते.

टोफेल, आयईएल्टीएस, ड्युओलिंगो या इंग्रजीच्या परीक्षांचा सॅट ऐच्छिक असण्याशी संबंध नाही, मागितल्या असतील तर द्याव्याच लागतात. टोफेलचा आणि ड्युओलिंगोचा स्कोअर दोन वर्षं चालतो. ड्युओलिंगोचा कितीही कॉलेजांना फुकट पाठवता येतो, त्यामुळे लांबलचक यादी असलेल्यांना ती स्वस्त पडते. तुमची सगळी कॉलेजं ती घेतात का, एवढं तपासा.

९. पाठवल्यानंतर

अर्ज सबमिट झाला की काही दिवसांत प्रत्येक कॉलेजचं स्वतःचं पोर्टल उघडतं. त्यात कागदपत्रांची यादी असते. स्कोअरपुढे 'प्रतीक्षेत' असं दिसलं तर लगेच दुसरा रिपोर्ट विकत घेऊ नका. आधी दहा दिवस जाऊ द्या, मग मुलाने स्वतः छोटा ईमेल लिहावा: पूर्ण नाव, जन्मतारीख, अर्ज क्रमांक, परीक्षेची तारीख, रिपोर्ट पाठवल्याची तारीख. आईवडिलांच्या पत्त्यावरून गेलेला ईमेल तिथे चांगला दिसत नाही. बहुतेक वेळा नावाचाच घोळ असतो आणि ते हाताने जोडून देतात.

मार्च-एप्रिलमध्ये निकाल लागतात, आणि बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत एक कॉलेज नक्की करायचं असतं. स्वतः भरलेल्या स्कोअरवर प्रवेश मिळाला असेल तर त्यानंतर त्या एका कॉलेजला अधिकृत रिपोर्ट पाठवा. भरलेले आकडे आणि रिपोर्टवरचे आकडे जुळायलाच हवेत, नाहीतर दिलेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.